तीन नंबरचं दार

कालव्याच्या तीन नंबरच्या दाराचं चाक थोडंसं फिरलं आणि अडलं. प्यो दू-माननं पाय रोवले, चाकाच्या आऱ्यांत लोखंडी पाइप घातला आणि डाव्या खांद्यानं जोर लावला. उजवा खांदा गेल्या पावसाळ्यात याच दारापायी कामातून गेला होता. तो हात आता डोक्याच्या वर जात नव्हता. पाइप करकरला. चाक हललं नाही. पत्र्याखालून चार बोटं पाणी चारीत पडत होतं, तेवढंच पडत राहिलं.

मे संपत आला होता. दुमुल गावाच्या वरच्या अंगाला लावण्या उरकल्या होत्या आणि खाचरांतून बगळे फिरत होते. खालच्या अंगाला, चारीच्या पार शेपटाला, नऊ खाचरं अजून ढेकळांनी भरलेली होती. त्यांतली दोन दू-मानची, तीन बामगोलवाल्या आजीची. आजीचं माहेर बामगोल, म्हणून सगळं गाव तिला त्याच नावानं ओळखायचं. लग्न होऊन साठ वर्षं झाली, नवरा जाऊन वीस, तरी माहेरचं नाव सुटलं नव्हतं. ती कंबरेत पार काटकोनात वाकलेली होती आणि कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकून बांधावर उभी होती.

"आलं का रं?"

"येतंय, आजी."

"येतंय म्हंजे? काल बी येतंयच म्हनालास. माझ्या खाचरात बेडूक बसला, तर त्याचं ढुंगान बी भिजत न्हाई."

दू-माननं पाइप काढला आणि खांदा चोळला. "दाराचा दांडा वाकलाय. गेल्या ऑगस्टात पुरात ओंडका आदळला, तवापासनं. मी कळवलंय."

"कितींदा?"

"सात येळा."

"मग ते लोक बहिरे हायत, न्हाईतर तू मुका हायस," म्हातारी म्हणाली आणि कुदळ टेकत निघून गेली.

दू-मान पाणी महामंडळाचा पाटकरी होता. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत, हंगामी. चोवीस हंगाम झाले होते. महामंडळाची निळी टोपी तो गावातल्या लग्नाला सुद्धा घालायचा. कुणी महामंडळाला शिवी दिली की त्याला स्वतःला दिल्यासारखी लागायची. आपली दोन्ही खाचरं तो नेहमी सगळ्यांत शेवटी भिजवायचा. पाटकऱ्यानं आधी स्वतःचं भिजवलं असं कुणी म्हणू नये. त्याची बायको गुम-न्ये यावरून चोवीस वर्षं त्याच्याशी भांडत आली होती.

तो घरी आला तेव्हा ती अंगणात तरव्याच्या ट्रेंवर झारीनं पाणी मारत होती. विहिरीचं पाणी, तेही जपून. एकशे दहा ट्रे ओळीनं मांडलेले. तिनं एका कोपऱ्यातली रोपं उचलून धरली. खाली मुळांची एकात एक गुंतलेली जाड चटई झाली होती, पांढरट, दाट. शेंडे पिवळे पडले होते.

"बघा. लेकरं ट्रेमदीच म्हातारी झाली. आता लावणीच्या यंत्रात घातली तर यंत्र त्यांचे तुकडे करंल. आठ दिसांत जमिनीत न्हाई गेली, तर गुरांना टाका."

"मी आज ऑफिसात जातो."

"फोनवर काय म्हनाले?"

"दखल घेतलीया म्हनाले."

"दखल! ती काय भांड्यात घालून शिजवायची?" तिनं झारी खाली ठेवली. "जावा. पर तिथं जाऊन होय साहेब, होय साहेब करू नका."

बारा किलोमीटर स्कूटर हाणत तो तालुक्याच्या गावी पोचला. ऑफिसच्या दारावर नवा कापडी फलक लागला होता: 'आमची बांधिलकी, गावाची समृद्धी.' आत टेबलांवर पिवळ्या जाकिटांचे गठ्ठे पडले होते. देखभाल विभागातली सॉक हे-रिन ही तिशीतली मुलगी जाकिटं मोजून खोक्यांत भरत होती. दू-मानला बघून ती उठली आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"प्यो काका, मला माहितेय तुम्ही का आलात."

"मॅडम, फक्त दांडा बदलायचा आहे." ऑफिसात आला की तो जपून, शुद्ध बोलायचा. "एका दिवसाचं काम आहे."

"मी तीनदा प्रस्ताव पाठवला. तिन्ही वेळा परत आला. दार अंशतः चालू आहे, असं वरून लिहून येतं. अंशतः चालू म्हणजे पुढच्या वर्षीच्या यादीत. पूर्ण निकामी असतं तर तातडीच्या दुरुस्तीत बसलं असतं, दोन दिवसांत झालं असतं." ती ओशाळून हसली. "तुम्ही रोज पाइप घालून ते चालवता ना, म्हणूनच ते अडकलंय."

तेवढ्यात शाखाप्रमुख म्योंग साहेब बाहेर आले. उंच, गोरे, हात नेहमी पुढे केलेला.

"अरे, प्यो दू-मान! आमच्या कुटुंबातलं माणूस! मी तुम्हालाच बोलावणार होतो. गुरुवारी आम्ही सगळे तुमच्या गावी येतोय. चाळीस जण. हातानं लावणी करणार, घरांच्या भिंती रंगवणार. मुख्यालयातून संचालक येताहेत. यंदा मूल्यमापनात सामाजिक जबाबदारीला फार वजन आहे."

दू-मानचा चेहरा उजळला. "मग संचालक साहेबांना दार बघता येईल."

"दाराचं नंतर बघू. कार्यक्रम मिनिटामिनिटाचा ठरलाय." साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, नेमका दुखऱ्या. "रस्त्याकडेचं ते मोठं खाचर आहे ना, गावप्रमुखाचं? ते आम्ही मागून घेतलंय. बस तिथंच थांबेल. गुरुवारी सकाळी त्यात घोट्याएवढं पाणी पाहिजे."

"कालव्याची पातळी तेवढी नाही, साहेब."

"तुम्हाला जमत नाही असं काय आहे? तीन नंबर दोन दिवस पूर्ण बंद करा. पातळी चढेल."

"खाली नऊ खाचरं..."

"दोनच दिवस. आपल्या संस्थेसाठी. तुम्ही काय आज आलात का?"

सॉक खाली बघून जाकिटं मोजत राहिली. दू-मान म्हणाला, "होय, साहेब."

मंगळवारी सकाळी त्यानं दार उतरवलं. वाकलेला दांडा खाली जाताना करकरा दात खाल्ल्यासारखा वाजत होता. पत्रा तळाला टेकला आणि चारीतली शेवटची धार बारीक होत थांबली. मागं वळून न बघता तो रस्त्याकडं गेला. दुपारपर्यंत गावप्रमुखाच्या खाचरात पाणी चढू लागलं.

गुम-न्येला कळायला वेळ लागला नाही. ती चारीच्या कोरड्या तळातून चालतच दारापर्यंत आली, दार बंद बघितलं आणि घरी येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"दुरुस्तीसाठी बंद केलं का?"

तो बुटांचा चिखल खरवडत राहिला.

"मग कशासाठी?"

"गुरुवारी साहेब लोक यायच्यात. रस्त्याकडंच्या खाचरात लावणी करनार."

"म्हंजे फोटूत पानी दिसावं म्हनून माझ्या खाचराचं तोंड बांधलं? आन् त्या म्हातारीच्या बी? स्वतःच्या हातानं?"

"दोन दिसाचा प्रश्न हाय, योन-सिलची आई," लेकीच्या नावानं तिला हाक मारत तो म्हणाला. " त्यांनी मला कुटुंबातला म्हटलंय."

"कुटुंबातला?" ती हसली, पण ते हसू बघून त्याला बसवेना. "चोवीस वरसं दर सप्टेंबरात तुमाला घरी बसवत्यात, आन् एप्रिलात पुन्यांदा अर्ज भरून घेत्यात. मी तर तुमाला कंदी अर्ज भरायला लावला न्हाई."

त्या दिवशी तिनं भात केला, कोबीचं किमची ताटात वाढलं, आणि स्वतः पाठ फिरवून जेवली.

बुधवारी बामगोलवाली त्याला वाटेत भेटली. "दार बंद हाय म्हनं."

"दुरुस्तीचं चाललंय, आजी," दू-मान म्हणाला. म्हातारीनं मान हलवली आणि बरं झालं म्हणाली. तिनं विश्वास ठेवला, हेच त्याला सोसेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुवारी नऊ वाजता बस आली. पिवळी जाकिटं आणि नवे कोरे गमबूट उतरले; काहींच्या बुटांना अजून किमतीच्या चिठ्ठ्या लटकत होत्या. गावप्रमुख प्योननं भोंग्यावरून म्हाताऱ्यांना टाळ्या वाजवायला बोलावून घेतलं होतं. वीस जण खाचरात उतरले. दोरी धरूनसुद्धा ओळी वाकड्या जात होत्या. रोपं बोटभर चिखलात खुपसून ते पुढं सरकत आणि मागं ती रोपं सुटून पाण्यावर तरंगत. एक पोरगा तोल जाऊन बसला, तेव्हा सगळे हसले आणि त्याचा फोटो काढला.

बाकीचे बामगोलवालीच्या घराशी गेले. रस्त्यावरून दिसणारी भिंत तिचीच होती. त्यांनी त्या भिंतीवर सूर्यफुलं काढायला घेतली, माणसाच्या डोक्याएवढी. म्हातारी अंगणात उभी राहून बघत होती.

"आजी, आवडलं का?" एका मुलीनं विचारलं.

"चांगलं हाय, बाय. पर घागरी भरून आनल्यास त्या कशाला?"

"ब्रश धुवायला."

म्हातारीनं रंगाच्या पाण्याचा ओघळ मातीत जिरताना बघितला आणि घरात गेली.

दू-मानला एक जाकीट घालायला लावलं होतं. ते आखूड होतं. बाहीतून दुखरा हात घालताना दोघांना मदत करावी लागली. फलकाचं एक टोक धरून तो संचालकांच्या शेजारी उभा राहिला. फोटो झाल्यावर संचालक त्याच्याकडं वळले. पांढऱ्या केसांचा, मऊ आवाजाचा माणूस.

"तुम्ही चोवीस वर्षं या कालव्यावर आहात, असं ऐकलं. अशा माणसांवरच संस्था उभी असते. मला मोकळेपणानं सांगा, कामात काही अडचण?"

म्योंग साहेब हसत होते. त्यांच्या मागं सॉक उभी होती. तिनं मान वर करून दू-मानकडं बघितलं आणि बघतच राहिली. दू-मानच्या तोंडात शब्द तयार होते. स्कूटरवर, बांधावर, जेवताना त्यानं ते कितीदा घोळवले होते. तीन नंबरचं दार. पण समोर एवढे लोक, सगळ्यांच्या अंगावर तेच जाकीट, त्याच्याही अंगावर. बाहेरच्या माणसासमोर घरचं उणं काढावं तसं त्याला झालं.

"काही नाही, साहेब," तो म्हणाला. "सगळं बरं चाललंय."

संचालकांनी त्याचा हात दाबला. दू-मान वळला तर गुम-न्ये तिथंच उभी होती. सगळ्यांसाठी उकडलेल्या बटाट्यांची पाटी डोक्यावर घेऊन ती नुकतीच आली होती. तिनं पाटी उतरवली, बांधावर ठेवली आणि तशीच परत गेली.

एक वाजता बस डुकराच्या रश्शाच्या खानावळीकडं निघून गेली. दू-मान जाकीट काढून तडक दाराशी गेला. पाइप घातला, जोर लावला. चाक हललं नाही. उलट बाजूनं झटका दिला. पुन्हा लावला. दांड्याचे आटे वाकलेल्या जागी घट्ट रुतले होते. पूर्वी चार बोटं तरी उघडत होतं. आता पत्रा तळाला चिकटला तो चिकटलाच. त्यानं दगडानं ठोकलं, पाणी ओतलं, तेल ओतलं. मग तो दाराच्या कठड्यावर बसला. कोरड्या चारीत बेडकाची दोन पिल्लं उन्हानं वाळून चिकटली होती.

शुक्रवारी सकाळी त्यानं सॉकला फोन लावला. त्याचा आवाज जवळजवळ आनंदी होता.

"मॅडम, आता पूर्ण निकामी झालं! अजिबात उघडत नाही. आता बसेल ना तातडीत?"

"बसेल, काका. मी लगेच लिहिते. थांबा तुम्ही."

दोन तासांनी तिचा फोन आला. ती खालच्या आवाजात बोलत होती, जिन्यात उभी असावी.

"साहेब सही करत नाहीत. मूल्यमापनाचे कागद पंधरवडाभर वर मुख्यालयात आहेत. या दिवसांत दार निकामी झाल्याची नोंद गेली तर गुण कापतात. पंधरा दिवस थांबा म्हणाले."

"पंधरा दिसांत रोपं मरतील, मॅडम." त्याची शुद्ध भाषा सुटली. "मरतील न्हाई, मेली. काल ज्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, त्यांचीच हायत ना ही खाचरं?"

मग ती म्हणाली, "मी पुन्हा विचारते," आणि त्या दोघांनाही त्याचा अर्थ कळला.

गुम-न्ये उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. गुरुवारपासून ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"दार काढाया चेन-पुली लागंल," दू-मान म्हणाला. तो तिला म्हणत होता की स्वतःला, कळत नव्हतं. "सरकारी माल हाय. हात लावला तर नोकरी जाईल. पोलिसात बी देतील."

तिनं लसणाची साल झटकली. "सोसायटीच्या गोदामात पुली हाय. मी मागून आनते."

शनिवारी सकाळी दोघांनी पॉवर टिलरवर तीन लोखंडी पाइप, पुली आणि पाने टाकले. दारावर पाइपांची तिवई उभी केली. दू-मान छातीभर पाण्यात उतरला. पत्र्याला दांडा जोडणारे दोन नट पाण्याखाली होते, गंजून एकजीव झालेले. पाना निसटला आणि त्याच्या बोटांच्या सांध्यांवरची साल निघाली. पुन्हा लावला. डाव्या हातानं पाना धरायचा आणि उजव्या पायानं रेटायचा, असं करत पहिला नट फिरायला तासभर गेला. पाण्याच्या गारठ्यानं त्याचे ओठ निळे पडले. दुसरा नट फिरलाच नाही. तो छिन्नीनं तोडला.

"ओढ!"

गुम-न्येनं साखळी ओढली. ती पन्नास किलोची बाई. प्रत्येक ओढीला तिचे पाय जमिनीवरून सुटत. पत्रा खाचेत घासत, किंचाळत वर येऊ लागला. पहिल्यांदा खालून चिळकांडी उडाली, मग गढूळ पाण्याचा लोंढा चारीत कोसळला आणि पालापाचोळा पुढं ढकलत खाली पळाला.

गावप्रमुख प्योन ट्रक थांबवून धावत आला. "दू-मान! येडा झालास काय? माझ्या खाचराचं पानी उतरंल! परवाच साहेबांनी लावलंय!"

"त्यातली निम्मी रोपं तरंगत्यात," गुम-न्ये साखळी बांधत म्हणाली. "पानी उतरलं तर टेकतील तरी."

"मी फोन लावतो ऑफिसात!"

"लाव," पाण्यातून दू-मान म्हणाला. "नाव माझंच सांग. प्यो दू-मान."

खाली बामगोलवाली आपल्या खाचराचं तोंड कुदळीनं मोकळं करत होती. पाणी तिच्या पायांशी आलं तेव्हा तिनं काही आरडाओरडा केला नाही. ती फक्त बाजूला सरली, माणसाला वाट द्यावी तशी.

शनिवार, रविवार खालच्या खाचरवाल्यांनी टिलरनं चिखलणी केली. यंत्र ती रोपं घेईना, म्हणून मुळांच्या चटया हातानं फाडून जुड्या केल्या आणि वाकून लावणी सुरू केली. मुळं फाटताना कापड टरकावल्यासारखा आवाज यायचा. म्हातारीला कंबर वाकवायची गरज नव्हती. ती सगळ्यांच्या पुढं होती.

सोमवारी महामंडळाची गाडी आली. गावप्रमुखाचं रस्त्याकडेचं खाचर तोवर चिखलावर आलं होतं आणि त्याच्या कडेला 'बांधिलकी शेत' अशी पाटी उभी होती. मागून ठेकेदाराचा ट्रक आला. त्यात नवा, चकचकीत दांडा होता. नऊ महिने जे होत नव्हतं, ते दोन दिवसांत झालं होतं.

म्योंग साहेब दू-मानच्या खाचराच्या बांधावर येऊन थांबले. बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून दोन पावलं अलीकडंच.

"चोवीस वर्षं, प्यो दू-मान. कुटुंबातल्या माणसानं असं करावं?"

दू-मान उभा राहिला. हातातून चिखल ठिबकत होता. "साहेब, दार काढलं ते चुकलं असंल. पर मंगळवारी बंद केलं, ते त्याहून चुकलं. ते बी मीच केलं."

"तक्रार करत नाही मी. तुमचं वय बघून." साहेबांनी आवाज उतरवला. "प्रकृतीच्या कारणानं काम सोडलं, असं लिहू. उद्यापासून येऊ नका."

"माझी प्रकृती बरी हाय."

"समजून घ्या जरा," साहेब म्हणाले आणि गाडीकडं वळले.

सॉक मागं राहिली. तिच्या हातात कागदांची फाइल होती. "मी तुमच्या सातही तक्रारी तारखांसकट लिहिल्यात. साहेबांनी पुन्हा लिहून आणायला सांगितलंय."

"मग?"

"माहीत नाही, काका." तिचे डोळे लाल होते. "मलाही तिथंच काम करायचंय."

ती काय म्हणतेय ते दू-मानइतकं कुणाला कळणार होतं? तो पुन्हा वाकला.

दुपारी नव्या दांड्यावर दार बसलं. ठेकेदाराच्या माणसानं चाकाला दोन बोटं लावली आणि ते सरसर फिरलं. खालच्या खाचरांतून लावणी करणाऱ्यांना ते दिसत होतं. माणसानं वळून विचारलं, "किती वेढे उघडं ठेवू?"

म्योंग साहेबांनी सॉककडं बघितलं. सॉकनं फाइल उघडली, दोन पानं उलटली, मिटली. कुठंच लिहिलेलं नव्हतं. मग ती चारीच्या कडेनं खाली चालत आली. तिचा एक बूट चिखलात रुतला, तो उपसून ती तशीच पुढं आली.

"प्यो काका, किती वेढे?"

"सांगू नका," गुम-न्ये वर न बघता म्हणाली. "चोवीस वरसं कुनी इचारलं न्हाई. आता इचारत्यात, ते बी हाकलून दिल्यावर. शोधू दे त्यांचं त्यांना."

दू-मान वाकलेलाच राहिला. त्यानं एक रोप लावलं, दुसरं लावलं, चार लावली. दारापाशी माणूस चाक धरून थांबला होता. तिकडं म्हातारीच्या तिसऱ्या खाचरात पाणी अजून पुरतं पोचलं नव्हतं. मधल्या उंचवट्यावरची ढेकळं कोरडी दिसत होती.

"अकरा," तो म्हणाला. "अकरा झाले की अर्धा मागं घ्या. न्हाईतर वरच्यांचं उतरतं."

सॉकनं ते तळहातावर लिहून घेतलं आणि घाईघाईनं परत निघाली.

गुम-न्येनं रोपांची जुडी उचलली आणि त्याच्या पुढ्यात अशी आपटली, की चिखल त्याच्या डोळ्यांत गेला. दू-माननं दंडानं डोळा पुसला, जुडी सोडली आणि पुढचं रोप लावलं.